गणपती झाले की साइट झोपते: दर वर्षीच्या घसरणीचं निदान

तक्रार साधारण एकाच चालीत येते. "गेल्या वर्षी मोदकाच्या पिठाला आपण पहिल्या पानावर होतो हो. यंदा शोधून सापडत नाही. गूगलने काहीतरी बदललंय का?" फोन येतो तो विसर्जनानंतर, मांडव सुटल्यावर. तोपर्यंत दुकानात मान वर करायला कुणाला सवड नसते.

मुंबईतल्या छोट्या मराठी ब्रँडांच्या साइट सांभाळणं हा माझा धंदा. पिठं, मसाले, पूजेचं साहित्य, मखरं, एक-दोन साडीवाले. हाच फोन मला वेगवेगळ्या दुकानांतून आलाय आणि बहुतेक वेळा दुखणं तेच निघालंय, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. उदाहरण गिरगावातल्या एका पिठा-मसाल्यांच्या दुकानाचं घेतो, नाव सांगत नाही. गल्ल्यावर सासरे बसतात, साइट सून बघते आणि खरं ज्ञान सासूबाईंकडे आहे. त्यांना अख्खी चाळ काकू म्हणते आणि सासऱ्यांना काका, मीही म्हणतो.

आधी पंचांग बघा, मग गूगलला शिव्या द्या

घसरण खरंच झाली आहे का, इथून सुरुवात. सुनेने मला आलेख दाखवला तो सप्टेंबर २०२४ विरुद्ध सप्टेंबर २०२५. पहिल्यात डोंगर, दुसऱ्यात माळरान. पण २०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणजे खरेदीची धांदल बरीचशी सप्टेंबरातच. २०२५ साली ती २७ ऑगस्टला आली. पीठ लोक चतुर्थीच्या आधी घेतात. सप्टेंबर उजाडला तेव्हा दीड दिवसांचे आणि पाच दिवसांचे गणपती गेलेसुद्धा होते. त्याच्या आधी, २०२३ साली, अधिक श्रावणामुळे चतुर्थी १९ सप्टेंबरपर्यंत लांबली होती. इंग्रजी महिन्याशी इंग्रजी महिना लावून काढलेला आलेख आपल्या सणांच्या बाबतीत खोटंच बोलणार.

सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते साइटमालकाला दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, तुलनेच्या तारखा हाताने भरता येतात. चतुर्थीच्या आधीचे ३० दिवस आणि तिथून अनंत चतुर्दशीपर्यंत असा तुकडा धरा. २०२४ साठी तो ८ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर होतो, २०२५ साठी २८ जुलै ते ६ सप्टेंबर. दोन्हीकडे ४१ दिवस भरतात. अडचण एकच आहे, सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांचा हिशेब ठेवतं. मागचा सण दिसतो, त्याच्या मागचा पुसला गेलेला असतो. म्हणून सण संपला की त्या तुकड्याची फाइल उतरवून घ्यायची, दर वर्षी, न विसरता. हे ऐकून काका म्हणाले, "म्हणजे गूगलची चोपडी दीड वर्षातच रद्दीत?" जवळपास तसंच. काकांकडे त्यांच्या वडिलांच्या हातच्या चोपड्या अजून माळ्यावर आहेत.

तारखा नीट लावल्यावर माळरानावर पुन्हा डोंगर उभा राहिला. मात्र तो आधीच्यापेक्षा ठेंगणा होता, आणि ही उरलेली घट खरी होती. पुढचं सगळं तिच्यासाठी.

एका प्रश्नाला चार पानं

सर्च कन्सोलच्या कामगिरीच्या अहवालात तुमचा मुख्य शोध निवडा. आमच्या बाबतीत तो होता 'उकडीच्या मोदकाचं पीठ'. मग त्याच शोधासाठी कुठली पानं दाखवली गेली ते पानांच्या टॅबमध्ये बघा. निरोगी साइटला तिथे एक पान ठसठशीत दिसतं, बाकीची किरकोळ. इथे चार दिसली: गणेशोत्सव-मोदक-पीठ-२०२२, मग तेच २०२३, तेच २०२४, तेच २०२५. पानांचे पत्ते (यूआरएल) मी वाचायला सोपे म्हणून देवनागरीत लिहितोय, साइटवर ते रोमनमध्ये आहेत.

आधीच्या एजन्सीने दर जुलैत नवं पान केलं होतं. शीर्षकात नवं साल, बाकी मजकूर तोच, फोटो तोच, शेवटी 'गणपती बाप्पा मोरया'. महिन्याच्या अहवालात 'एक नवीन लेख' अशी ओळ दाखवता येत असणार, त्यांचंही पोट आहे. पण झालं काय, की २०२२ च्या पानाला एका पाककृती लिहिणाऱ्या बाईंनी आपल्या साइटवरून लिंक दिली होती, २०२३ चं पान लोकांनी एकमेकांना पाठवलं होतं, २०२४ चं गूगलमध्ये चांगलं वर चढलं होतं, आणि २०२५ चं पान कोऱ्या पाटीने जन्माला आलं. कमावलेली पत चार ठिकाणी विखुरली. गूगल कधी हे पान पुढे करायचं, कधी ते. मधूनच २०२३ चं वर यायचं, गिऱ्हाईक त्यावर त्या वर्षीची ऑर्डरची शेवटची तारीख वाचायचं आणि आल्या पावली परत जायचं.

काकूंना हे समजावताना मला जे सुचलं ते मी आता सगळीकडे वापरतो. मूर्ती दर वर्षी नवी आणतो, पाट मात्र घरातला तोच असतो. पानाचा पत्ता म्हणजे पाट. त्यावर यंदा काय बसवायचं ते बसवा, पण दर वर्षी नवा पाट कशाला? काकू म्हणाल्या, "आणि जुने पाट माळ्यावर टाकून द्यायचे?" हो, नेमकं तेच चाललं होतं. गूगलसुद्धा ब्लॅक फ्रायडेसारख्या दर वर्षीच्या सेलसाठी दुकानदारांना हाच सल्ला देतं, की पत्ता एकच ठेवा आणि तोच दर वर्षी वापरा.

इलाज करताना आधी चारही पानं छापून घेतली. हो, कागदावर. प्रत्येकात कामाचं काय आहे त्यावर पेन्सिलने खुणा केल्या आणि त्यातून एकच पान शिवलं. पत्ता साल नसलेला घेतला: उकडीचे-मोदक. काही जण विचारतात की २०२४ चंच पान राहू द्यावं, आतला मजकूर बदलला की झालं. तांत्रिकदृष्ट्या चालेल. पण पत्त्यात २०२४ वाचून २०२७ साली कुणाला ते पान ताजं वाटेल? एकदाच त्रास घ्या.

मग चारही जुन्या पत्त्यांवरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट लावला, म्हणजे जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी कायमची सोय. इथे घोटाळे होतात ते असे. २०२२ वरून २०२३, तिथून २०२४, तिथून नवं, अशी साखळी लावू नका, प्रत्येक जुना पत्ता थेट नव्यावर पाठवा. गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) दहा उड्यांपर्यंत पाठलाग करतो म्हणून त्याला दहा उड्या मारायला लावायच्या असं नाही. दुसरा घोटाळा म्हणजे जुनी पानं सरसकट मुखपृष्ठावर वळवणं. मोदकाच्या पानाऐवजी मुखपृष्ठ आलं तर गूगल त्याला 'पान हरवलं' असंच समजतं आणि जुन्या लिंकांची पुण्याई वाया जाते. तिसरा म्हणजे जुनी पानं जिवंत ठेवून नुसता कॅनॉनिकल टॅग ('खरं पान ते' असं गूगलला सांगणारी कोडमधली खूण) लावणं. तो गूगलसाठी इशारा असतो, हुकूम नसतो, ते ऐकेलच असं नाही.

रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावा असं गूगल सांगतं. आमच्याकडे तो कायमचा राहणार आहे आणि त्याचं कारण पिठाच्या पिशवीवर आहे. सुनेने नवं पान दाखवल्यावर काकांनी फळीवरून अर्ध्या किलोची पिशवी काढून मागची बाजू माझ्यापुढे धरली. तिथे क्यूआर कोड छापलेला, 'कृती पाहा'. तो नेत होता २०२३ च्या पानावर. पिशव्या घाऊक छापलेल्या, गोदामात अजून गठ्ठे पडलेले. गूगल जुना पत्ता विसरेल, पिशवी विसरणार नाही. तुमच्याही बाबतीत पाकिटं, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं, व्हॉट्सॲप कॅटलॉग, इन्स्टाचा बायो, सगळीकडे कुठला पत्ता छापलाय ते एकदा बघून घ्या.

साइटमॅपमध्ये (साइटवरच्या पानांची गूगलला दिलेली यादी) फक्त नवा पत्ता ठेवा आणि 'शेवटचा बदल' ही तारीख खरी द्या. त्यातले 'किती वेळा बदलतं' आणि 'प्राधान्य' हे रकाने गूगल बघतच नाही, त्यावर वेळ घालवू नका. मेनू, फुटर, जुने लेख यांतल्या लिंका हाताने बदला, त्या रीडायरेक्टच्या भरवशावर सोडू नका.

आणि हे सगळं श्रावणात करू नका. पत्ते हलवल्यावर गूगलला ते पचायला काही आठवडे लागतात. दिवाळी उरकली की हात घाला.

विसर्जनाबरोबर पानही बुडवलं जातं

दुसरं कारण याहून साधं, आणि ते शोधायला मला लाजिरवाणा वेळ लागला. पीठ हंगामी. अनंत चतुर्दशी झाली, साठा संपला, की सून ते उत्पादन साइटवरून लपवून ठेवायची. दहा-साडेदहा महिने त्या पत्त्यावर ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही'. पुढच्या जुलैत पुन्हा उघडायची. महिनोन्महिने दार बंद दिसलं की गूगल ते पान आपल्या यादीतून काढून टाकतं, आणि पुन्हा उघडल्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. तेवढ्यात हंगाम निघून जातो.

साठा संपला तर 'सध्या उपलब्ध नाही' लिहा, उत्पादनाच्या संरचित माहितीतही (गूगलला वाचता यावी म्हणून कोडमध्ये ठरावीक साच्यात भरलेली माहिती) तसंच नोंदवा, पण पान उघडं ठेवा. मेनूतून काढायचं असेल तर काढा, निदान एखाद्या कायमच्या पानावरून त्याची लिंक राहू द्या. आणि खरं म्हणजे मोदक फक्त भाद्रपदात होतात असं कोण म्हणतं? दर संकष्टीला होतात, अंगारकीला तर होतातच, माघी गणेश जयंतीला होतात. काकांनी थोडं पीठ वर्षभर ठेवायला सुरुवात केली. त्याने विक्री किती वाढली हा त्यांचा हिशेब, पण पान वर्षभर जिवंत राहिलं.

पानावर सांगण्यासारखं काय आहे?

पत्त्यांची डागडुजी झाली तरी मूळ प्रश्न उरतो. चार पानं एकत्र करताना पेन्सिलच्या खुणा फारच थोड्या पडल्या होत्या. बाकी सगळा मजकूर 'गणेशोत्सव हा महाराष्ट्राचा लाडका सण' या जातीचा. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, हेही होतं. ते खरं आहे, आणि ती चाळ दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण जिच्या मोदकपात्रात आत्ता, या क्षणी, अकरापैकी सहा मोदक फुटलेत, तिला १८९३ चं काय करायचंय?

सदाबहार मजकूर म्हणजे काय याच्या व्याख्या पुष्कळ सापडतील. माझी कसोटी एवढीच की चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी दुकानाच्या फोनवर लोक काय विचारतात? ते प्रश्न दर वर्षी तेच असतात, म्हणून ते सदाबहार. आणि विचारले जातात नेमके त्याच आठवड्यात, म्हणून ताजे. लोक काय शोधतात ते सांगणारं महागडं कीवर्ड टूल घेण्याआधी फोन उचलणाऱ्या माणसाशेजारी एक संध्याकाळ बसा. इथे फोन काकू उचलतात. मी वही घेऊन बसलो. पारी चिरते. मोदक उकडताना फुटतो. पीठ हाताला चिकटतं. एक वाटी पिठाला पाणी किती. सकाळी करून ठेवले तर संध्याकाळपर्यंत राहतील का. नंतर सर्च कन्सोलमधले शोध काढून पाहिले, तर जवळजवळ हीच यादी, फक्त शुद्धलेखन वेगळं.

काकूंची कृती अशी. जेवढ्या वाट्या पीठ तेवढ्याच वाट्या पाणी, पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप, उकळी आली की पीठ घालून ढवळायचं, झाकण ठेवून वाफ काढायची आणि उकड गरम असतानाच मळायची. "हात पोळला नाही तर मळलंच नाही समजा." मळलेली उकड ओल्या फडक्याखाली. पारी कडेला पातळ, बुडाशी जाड. मोदक पाण्यात बुडवून काढायचा आणि मग मोदकपात्रात ठेवायचा, दहा-बारा मिनिटं.

हे जसंच्या तसं उतरवलं असतं तर इंटरनेटवर मोदकाच्या कृतीत आणखी एकीची भर. काकू सांगत होत्या करण्याच्या क्रमाने, आणि माणूस शोधतो बिघडल्यानंतर. म्हणून पान उलटं लिहिलं. पारी चिरली: उकड कोरडी आहे किंवा मळायच्या आधीच थंड झाली, कोमट पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. मोदक वाफेत फुटला: सारण ओलं राहिलं असेल, किंवा वरची टोकं नीट मिटली नसतील. पीठ चिकटतंय: पाणी जास्त झालं, तेलाचा हात घ्या आणि पुढच्या घाण्याला पाणी मोजून घ्या. प्रत्येक बिघाडाला आपला उपमथळा, त्याच्या पहिल्याच ओळीत उत्तर, आणि मग काकूंचं स्पष्टीकरण. पूर्ण कृती सगळ्यात खाली.

एका वाक्यावरून वाद झाला. काकू सहज बोलून गेल्या, की गेल्या संकष्टीचं उरलेलं पीठ चालेल, पण गेल्या गणपतीचं उरलेलं आमचंसुद्धा पीठ वापरू नका, पारी धरत नाही. मी ते लिहिलं. काका उसळले. आपल्याच मालाबद्दल असं कुणी लिहितं का? मी अडून बसलो. ते वाक्य दुसऱ्या कुठल्याच साइटवर नव्हतं, आणि जो माणूस आपल्या मालाची मर्यादा सांगतो त्याच्या बाकीच्या सांगण्यावर विश्वास बसतो. शेवटी सुनेने तोडगा काढला: वाक्य राहिलं, त्याच्यापुढे 'पिशवीवरची तारीख बघा' जोडलं. पिशवीवरची तारीख आता मोठ्या अक्षरात छापतात.

रचना मग आपोआप ठरली. पानाच्या वर एक पट्टी, तिच्यात बदलणारं सगळं: यंदाची चतुर्थी, ऑर्डरची शेवटची तारीख, भाव, घरपोच कुठपर्यंत. पट्टीच्या खाली न बदलणारं. दर वर्षी सुनेने फक्त पट्टी बदलायची आणि खालच्या भागात त्या वर्षी फोनवर आलेला एखादा नवा प्रश्न घालायचा. शीर्षकात साल हवं असेल तर घाला, ते बदलता येतं. पत्त्यात नको.

लिपीचे घोळ

हे थोडक्यात. कृती पोस्टरच्या रूपात टाकू नका. मराठी दुकानांच्या साइटवर झेंडूच्या तोरणाची सुंदर चित्रं असतात आणि सगळा मजकूर त्या चित्रात. चित्रातल्या अक्षरांच्या भरवशावर पान वर येत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच हवा, युनिकोडमध्ये. छापखान्यातून आलेला जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर तुम्हाला मराठी दिसेल, गूगलला कचरा.

पत्ता देवनागरीत ठेवला तर चालतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवताना बऱ्याचदा एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि लिंकची मालगाडी लागते. लोक घाबरून उघडत नाहीत. रोमनमध्येच ठेवा. मराठी रोमनमध्ये टाइप करून शोधणारेही भरपूर, तेव्हा पदार्थाचं नाव पानावर एकदा रोमन लिपीतही येऊ द्या, जमलं तर फोटोच्या फाइलच्या नावात. त्याची दहा स्पेलिंगं पानाच्या तळाशी ओतू नका, ते वाचणं कुणालाच सोसवत नाही. पानाची भाषा गूगल समोर दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं, कोडमध्ये काय लिहिलंय त्यावरून नाही. अर्धं इंग्रजी अर्धं मराठी पान असेल तर दोन वेगळी पानं करा.

जे करून हात पोळले

संकष्टीच्या चंद्रोदयाची पानं. दर महिन्याला लाखो लोक वेळ शोधतात, मग आपण का नको, असं सुनेला वाटलं, मलाही वाटलं. पानं केली. माणसं आली, वेळ बघून गेली. पीठ कुणीही बघितलं नाही. शिवाय दर महिन्याला एक शिळं पान साचायला लागलं. ते काम पंचांगवाल्यांचं आहे, त्यांना करू द्या. आम्ही ती सगळी काढून टाकली.

मजकूर न बदलता नुसती तारीख पुढे ढकलणं. गूगलला ते कळतं, वाचकाला त्याहून लवकर कळतं.

'मोदक पीठ ठाणे', 'मोदक पीठ कल्याण', 'मोदक पीठ वसई' अशी एकाच मजकुराची यंत्राने काढलेली शंभर पानं. मार्च २०२४ मध्ये गूगलने घाऊक मजकूर ओतण्याविरुद्धचा नियम स्पष्ट केला आहे, मग तो माणसाने ओतला असो वा यंत्राने. हे विकायला येणाऱ्याला चहा पाजा आणि पाठवून द्या. तीच गोष्ट प्रश्नोत्तरांच्या स्कीमाची, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या संरचित माहितीची. सर्चमध्ये खाली उघडणारी ती प्रश्नोत्तरं ऑगस्ट २०२३ पासून नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरतीच उरली, तरी पॅकेजमध्ये अजून त्याचे पैसे लावलेले दिसतात. पाककृतीची आणि उत्पादनाची संरचित माहिती मात्र जरूर भरा.

पट्टी कधी बदलायची? चतुर्थीच्या दीड-दोन महिने आधी. गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून 'मोदक' टाका, मागच्या वर्षांत शोध कधी चढायला लागले ते दिसतं, आणि तिथला हिशेब २००४ पासूनचा आहे. बदल केल्यावर सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीतून पान गूगलच्या यादीत (अनुक्रमणिकेत) घ्यायची एकदा विनंती करा. एकदाच. बटण दहादा दाबून लिफ्ट लवकर येत नाही.

आणि मोजायचं काय? ब्रँडचं नाव नसलेले शोध वेगळे काढा. सर्च कन्सोलच्या गाळणीत रेजेक्स (नमुना देऊन शब्द गाळायची पद्धत) चालतं, तेव्हा नावाची सगळी स्पेलिंगं एकदाच वगळता येतात. 'मोदक का फुटतो' विचारून आलेली माणसं वाढतायत का, हे आधी बघा. त्यानंतर काही महिन्यांनी ब्रँडच्या नावाने शोधणारे वाढतायत का, हे बघा. पहिलं न होता दुसरं वाढलं तर ते तुमच्या पानामुळे नाही, कुणाच्या तरी रीलमुळे असेल.

आता अनारसे

२०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. अधिक महिना म्हणजे जावयाला वाण, वाण म्हणजे अनारसे, आणि दुकानात अनारशाचं तयार पीठ असतं. हे पान मोदकाच्या पानापेक्षाही अवघड, कारण ते जवळजवळ तीन वर्षं झोपतं. मागचा अधिक श्रावण २०२३ साली १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता. तेव्हाचं पान एजन्सीने नंतर काढून टाकलं, आणि सर्च कन्सोलमधला त्या महिन्याचा हिशेब केव्हाच पुसला गेलाय. त्या वेळी लोकांनी काय शोधलं हे सांगणारं कुणीच उरलं नाही.

काकू सोडून. त्यांना विचारलं की २०२३ साली फोनवर काय विचारत होते, तर त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "अनारसे हसतात." म्हणजे तुपात सोडला की अनारसा पसरतो, जाळी होण्याऐवजी तुकडे होऊन विरतो. गूळ जास्त झाला किंवा पीठ सैल राहिलं की असं होतं, थोडी तांदळाची पिठी मिसळून पुन्हा मळायचं. पानाचा मथळा तिथेच ठरला: अनारसे का हसतात? सुनेचं म्हणणं होतं की आजच्या मुलींना हा शब्द कळणार नाही. मग मथळ्याखालच्या पहिल्या ओळीत 'तुपात विरघळतात, पसरतात' घातलं. पत्ता साल नसलेला, मथळा आणि ओळ मिळून दोन्ही शब्द, आणि पट्टीत पुढच्या अधिक महिन्याची तारीख.

फोटो राहिलेत. तांदूळ परवाच भिजत पडलेत, तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाळवून, दळून, गुळात मुरवायचं, म्हणजे तळणीला अजून अवकाश आहे. चांगल्या अनारशाचा फोटो कुठेही मिळतो, मला हसलेल्याचा हवा होता. काकूंनी एक अनारसा मुद्दाम बिघडवायचं कबूल केलंय. फक्त फोटोत आपला हात दिसता कामा नये, अशी अट घातली आहे.